दोन हजार पन्नासची माणसं

॥ श्री वीतरागाय नमः ॥

वारणाकाठ,
गुरुवार, १९ फेब्रुवारी १९७६

प्रिय चंदनबाला हिला अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला आणि उत्तर लिहायला मी आज बसलोय, म्हणून रागावू नकोस. मध्ये आपल्या बस्तीच्या गाभाऱ्यात नवी मूर्ती आली, तिच्या प्रतिष्ठेचा पंचकल्याणिक सोहळा झाला. पाच दिवस सगळा गाव मांडवात होता, घरी कुणाची चूल नीट पेटली नाही. रविवारी पौर्णिमेला सोहळा संपला, सोमवारी मांडव उतरवला आणि मंगळवारपासून आपली हळद शिजायला काहिलीवर चढली. हात धुऊन लिहितोय, तरी कागद पिवळा होतोच आहे. धाकटी म्हैस व्याली. विहिरीला पाणी बरं आहे. तुझी आई बरी आहे, असं आत्ता लिहून पुढं जातो. तिच्याबद्दल नंतर लिहायचंच आहे.

आधी तुझ्या पत्राबद्दल. मी गावच्या शाळेत सातवी झालेला माणूस, सिनेमातलं मला काही कळत नाही. म्हणून मला जे समजलं ते लिहितो, चुकलं असेल तर दुरुस्त कर. सिनेमा मुलांसाठी आहे. त्यात सन दोन हजार पन्नास चाललंय. पृथ्वीवरून एक यान निघतं, आत सात माणसं आहेत आणि ती दुसऱ्या एका ताऱ्याजवळच्या जगात जाऊन उतरतात. यानाला ताऱ्यांवरून वाट दाखवणारी एक बाई आहे आणि ते काम तुला मिळालं होतं. तू गणित घेऊन बी.एस्सी. झालीस, कॉलेजात नाटकं केलीस, आता दिवसभर टेलिफोन ऑफिसात बसतेस आणि संध्याकाळी तालमीला जातेस. तुझ्या दोन्ही आवडी एका कामात आल्या म्हणून मला फार बरं वाटलं होतं. मग चंदेरी पोशाख घालून कॅमेऱ्यापुढं तुझी परीक्षा झाली आणि सिनेमा काढणारे ते गृहस्थ म्हणाले, ही पुढच्या शतकातली वाटत नाही, शेतातली वाटते. आता त्यांनी तुझ्यापुढं दोन वाटा ठेवल्यात. तोंड, मान, हात गोरे रंगवून घ्यायचे आणि यानात बसायचं. नाहीतर त्या दूरच्या जगात जी माणसं भेटतात, जी काही बोलत नाहीत, नुसती दगडाआडून बघत राहतात, त्यांच्यात उभं राहायचं. तिकडं तुला रंगसुद्धा लागायचा नाही, असं ते म्हणाले. सगळे हसले, आणि तूही हसलीस, असं तू लिहिलंयस. दिग्दर्शक भला माणूस दिसतो. त्यानं तुझ्यासाठी येत्या सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. आणि शेवटी तू लिहिलंस की अण्णा, नटीचं कामच रंग लावायचं, मी यानात बसणार आहे, काळजी करू नका. तुझं ठरलंच आहे तर मी लिहायचं काही कारण नव्हतं. तरी लिहितोय.

तुझं पत्र नेहमीसारखं मी मोठ्यानं वाचलं. आम्ही रानात हळद काढत होतो, पोस्टमन बांधावरच पत्र देऊन गेला. तुझी आई, गड्डे मोडायला आलेली तानुबाई आणि शेजारच्या रानातून तंबाखू मागायला आलेला आपला नाथाजी हवालदार, सगळे बाभळीखाली बसले होते. माझं वाचून झाल्यावर नाथाजी म्हणाला, ‘आवं अण्णा, हे काय नवीन न्हाई. आमी अंबाल्याला असताना छावनीत पडदा लावून इंग्रजी पिच्चर दावायचं. आकाशातलं बी दावलं. यान काय, बटनं काय, लय झगामगा! पर आत समदी गोरी. मी मेजरसाबला इचारलं, साब, आमच्यावानी कुनी कसं न्हाई? तर म्हनं, हवालदार, ये आगे का जमाना है. म्हनलं आसंल आगे का. पर मग त्या गाडीत कोळसा कोन घालतंय?’ आम्ही हसलो. तानुबाई म्हणाली, ‘पुढं जायचं म्हंजे गोरं व्हायला लागतंय व्हय? मग मी हितंच बरी. माझं गड्डं कोन मोडंल?’ आणि पुन्हा सगळे हसले. तुझी आई तेवढी हसली नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

तुला आठवतं का, माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तू अकरावीत होतीस. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं सगळा गाव बसला होता. आणि त्याच संध्याकाळी बस्तीत उपाध्ये म्हणाले होते की चंद्र म्हणजे देवांचं विमान, तो सूर्याच्याही वर आहे असं शास्त्रात आहे, तिथं माणसाचा पाय कसा लागेल? तू घरी येऊन मला विचारलंस, अण्णा, खरं कुणाचं? मी म्हणालो, माझ्या मनात दोन फडताळं आहेत, एकात शास्त्र ठेवतो आणि एकात रेडिओ. तू म्हणालीस, मग मी दोन्ही उघडून बघणार. आणि लगेच दुसरा प्रश्न टाकलास की त्या यानात बाई का नव्हती? आई भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, ‘कुनीतरी भाकरी करायला मागं ऱ्हायला पायजे न्हवं.’ तू एवढी चिडलीस की त्या दिवशी भाकरीला हात न लावता नुसता भात खाल्लास.

मला दूरच्या जगांचं कधी नवल वाटलं नाही, ते शास्त्रामुळंच. आज्जी सांगायची तसं विदेह क्षेत्रात आत्ता या घटकेलाही माणसं आहेत, तिथं आजही तीर्थंकर बोलतायत आणि ती माणसं ऐकतायत. त्या तीर्थंकरांना आपण इथून पूजेत अर्घ्य देतो. म्हणजे ज्यांना बघितलं नाही, बघणारही नाही, त्यांच्या नावानं ताटात तांदूळ ठेवायची आपल्याला सवय आहे. म्हणून तुझ्या सिनेमातली ती दगडाआडची माणसं बोलत का नाहीत ते मला कळेना. एवढं जग आहे तर त्यांना भाषा असणारच. त्यांच्यातही कुणी पत्र लिहीत असेल. आणि रंगाचंच म्हणशील तर आपले चोवीस तीर्थंकर सगळे काही एका रंगाचे नाहीत. कुणी सोन्यासारखे, कुणी कुंदाच्या फुलासारखे, कुणी हिरवे, कुणी मेघासारखे काळे. बस्तीतले जुने नेमिनाथ काळेच आहेत आणि त्यांच्यापुढं इंद्रसुद्धा वाकतो. पण हे मी कुणाजवळ बोललो नाही. असल्या वादात देवाला साक्षीला काढणं मला बरं वाटत नाही.

मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. उसाला पाणी पाजताना दारं धरून उभा होतो आणि मनात हिशेब लागला. दोन हजार पन्नास म्हणजे अजून पाऊणशे वर्षं. तेव्हा मी नसेन. तू असलीस तर कवळी लावलेली म्हातारी असशील. पण नाथाजीची पणतवंडं असतील, तानुबाईची असतील, तुझी नातवंडं असतील. ऊन असणार, वारणा असणार, ऊस असणार, मग आपल्या माणसांचा हा रंग तरी कुठं जाणार आहे? आणि तरी त्या यानात आपल्यातलं कुणी नाही. मग मधल्या पाऊणशे वर्षांत आपलं झालं काय? रोगानं मेलो? मागं राहिलो? की आपणच आपल्याला रंगवून घेतलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही? ज्यांनी ती गोष्ट लिहिली त्यांनी यान कसं उडतं ते सगळं लिहिलं असेल, पण हे लिहिलं आहे का? सिनेमा बघणारं एखादं पोर हे विचारणार नाही. ते नुसतं बघेल, आणि पुढं आपण नसतो एवढं त्याच्या मनात बसेल. वाईट काय झालं म्हणून विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही.

आता आपल्या सोहळ्याचं सांगतो. आपल्याकडं कुणी काय व्हायचं ते कसं ठरतं हे तुला माहीत आहे. इंद्र, इंद्राणी, कुबेर हे मान सवालाला लागतात, ज्याची बोली मोठी तो इंद्र. यंदा सांगलीचे एक अडत व्यापारी इंद्र झाले. पोट असं की त्यांना हत्तीवर चढवायला दोन गडी खालून आणि दोन वरून लागले. हत्ती तेवढा गप उभा राहिला, त्याचं कौतुक. पण तीर्थंकरांचे माता-पिता सवालानं ठरत नाहीत. व्रतं सांभाळणारं जोडपं बघून कमिटी सांगते, आणि यंदा आम्हाला सांगितलं. दशलक्षण पर्वाचे दहा उपवास तुझी आई इतकी वर्षं करते, म्हणून तिला मान मिळाला. मी तिचा नवरा म्हणून राजा झालो.

गर्भकल्याणिकाच्या, म्हणजे पहिल्याच दिवशी सांगलीच्या नाटक कंपनीतला एक रंगवणारा आणला होता. त्यानं दिसेल त्याला पांढरा रंग फासायचा सपाटा लावला. इंद्राणी झालेली त्या व्यापाऱ्याची बायको आईला म्हणाली, ‘वहिनी, जिनमाता जरा उजळ दिसायला पायजे बाई. फोटो काढणार हाईत.’ आता आई काय बोलते ते ऐकायला मी कान टवकारले. कारण लग्नात हिनं पावडर लावून घेतली नव्हती. मावशी डबी घेऊन आली तर हिनं विचारलं होतं, ‘बघून गेल्यात न्हवं त्ये मला? मग आता कुनाला फसवायचं?’ ही गोष्ट आपल्या घरात अजून सांगतात. पण या वेळी तिनं नुसते डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं.

सोळा स्वप्नांचा प्रवेश तुला पाठ आहे. राणीला स्वप्नं पडतात, ती एकेक सांगते आणि राजा त्याचं फळ सांगतो. मी महिनाभर बांधावर फिरून फिरून ते पाठ केलं होतं. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांच्या दोन माळा, इथवर माझं नीट चाललं, कारण मी मांडवातल्या लोकांकडं बघून बोलत होतो. सहावं स्वप्न पूर्ण चंद्राचं. आई म्हणाली, नाथ, मी आकाशात पूर्ण चंद्र पाहिला. आणि मी सहज तिच्याकडं वळलो. तिथं पिठासारख्या तोंडाची कुणी परकी बाई बसली होती. आवाज तुझ्या आईचा, पण तोंड कुणाचं ते कळेना. पंचवीस वर्षं ज्या तोंडाकडं बघून मी बोलतोय ते जाग्यावर नव्हतं, आणि मला पुढचा एक शब्द आठवेना. उपाध्ये पडद्याआडून सांगत होते, ते ऐकू येत होतं, पण जीभ हलेना. मागून कुणीतरी ओरडलं, ‘राजा झोपला रं!’ नाथाजीचा आवाज मला ओळखू आला, ‘आरं गप ऱ्हावा, इचार करतोय त्यो.’ आई आधी घाबरली. मग तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि तिला समजलं. तिनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत खसाखसा तोंड पुसलं. भांडी घासावीत तसं. आणि हळू म्हणाली, ‘आवं, मीच हाय. आता सांगा.’ पुढं लाउडस्पीकर होता. ते सगळ्या गावानं ऐकलं.

लोक पोट धरून हसले. मग एकाएकी हसू थांबलं, का ते मला सांगता यायचं नाही. तिच्या गालांवर पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, पण मधून तुझी आई दिसत होती. मी तिच्याकडं बघूनच म्हणालो, तुझा पुत्र सगळ्या लोकांना आनंद देणारा होईल. आणि पुढची सगळी स्वप्नं मी न अडखळता सांगितली. सोहळा संपल्यावर व्यापारीणबाई फोटो बिघडला म्हणून फुगून बसल्या. नाथाजी म्हणाला, ‘अण्णा, फौजेत सोताच्या मान्साला वळकलं न्हाई तर कोर्ट मार्शल करत्यात.’

तेव्हापासून मी रंगाबद्दल विचार करतोय. रंग लावण्यात कमीपणा आहे असं मला वाटत नाही, हे आधी सांगतो. त्या दिवशी मीही पुठ्ठ्याचा मुकुट घातला होता आणि मिशीला काजळ लावलं होतं. पण तो मुकुट मी घातला कारण मी राजा नाही. तुझ्या आईला पांढरं लावलं ते कशासाठी? तिला आई व्हायचं होतं, आणि ती आई आहेच. जे तिच्याजवळ होतं तेच झाकून टाकलं आणि वर म्हणाले, आता शोभते. तसंच तुझं आहे. आकाशातून वाट काढायला लागणारं गणित तुझ्याजवळ आहे. सुटीत आलीस की गच्चीवर बसून तू मला नक्षत्रं दाखवायचीस आणि मी कुठलं कुठलं ते विसरायचो. त्या यानातल्या बाईचा रंग गोष्टीत लिहिलेला आहे का, एवढं त्या लोकांना विचारून बघ. लिहिलेला नसेल तर तो कुणी ठरवला? मला एवढंच सुचतं. पहिलंच मोठं काम हातचं जाणं काय असतं ते तुला माहीत, मला नाही. म्हणून तू असं कर, तसं करू नकोस, हे मी लिहिणार नाही. रंग लावून बसलीस तरी तू माझीच आहेस आणि सांगलीच्या टॉकीजला सिनेमा आला की मी पुढच्या बाकावर बसून बघणार आहे. मात्र तोंड ओळखायला मला वेळ लागला तर माफ कर.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो. मंगळवारी सकाळी आम्ही काहिलीपाशी होतो. आई जाळ घालत होती. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, ‘पोरीनं माझं तोंड घेतलं, म्हनून तिचं काम गेलं न्हवं?’ मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, ‘ती ल्हान आसताना सासूबाई म्हनायच्या, साय-हळद लावत जा गं पोरीला. घरात हळदीचं ढीग, पर मी न्हाई लावली कवा. मला ती हाय तशीच लय ग्वाड दिसायची. लावायला पायजे व्हती का वो?’ मग मी विचारलं, त्या दिवशी तोंड का पुढं केलंस? तर म्हणाली, ‘पोरगी तिकडं एकटीच लावनार. म्हनलं, मी बी हितं लावते.’ चंदन, मी तिला उत्तर दिलेलं नाही. मी काय म्हणणार ते तिला ठाऊक आहे आणि नवऱ्याच्या बोलण्यानं ही गोष्ट तिच्या मनातून जायची नाही. तेव्हापासून सकाळी भांगात कुंकू भरताना ती आरशापुढं जास्त वेळ उभी असते. तू सोमवारी त्या लोकांपुढं जाशील तेव्हा यानात बस, दगडाआड उभी राहा, नाहीतर दोन्ही सोडून टेलिफोनवर जा. जे सांगशील ते तुझ्या मनासारखं सांग. पण काय सांगितलंस ते त्याच दिवशी लिहून टपालात टाक. त्यांना तू जे उत्तर देशील तेच मला इथं तुझ्या आईला द्यायचं आहे, माझ्याजवळ दुसरं नाही.

तुझाच,
अण्णा